बोअरच्या पाण्यातला नायट्रेट: किटचा रंग, लॅबचा आकडा आणि शाळेत जमण्यासारख्या चाचण्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळच्या एका गावातल्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षिका लिहितात की गावच्या बोअरचं पाणी ग्रामपंचायतीच्या किटने तपासलं, तेव्हा नायट्रेटचा रंग कार्डावरच्या ४५ आणि १०० या दोन खणांच्या मध्ये आला. तेच पाणी बेळगावात एका लॅबला दिलं तर अहवालात 'नायट्रेट १८.२' आलं. यातलं खरं कुठलं? आणि शाळेतल्या मुलांना घेऊन आसपासच्या विहिरी, बोअर आणि वेदगंगेचं पाणी तपासायचं झालं, तर नायट्रोजनच्या कुठल्या चाचण्या रंगावरून करता येतील?

बाई, बहुतेक दोन्ही आकडे खरे आहेत. किट नायट्रेट दाखवतं आणि लॅबने नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजून दिलाय. नायट्रेट आयनाचं वजन ६२, त्यात नायट्रोजन १४ आणि बाकी ऑक्सिजन. ६२ला १४ने भागलं की ४.४३ येतात. १८.२ला ४.४३ने गुणा, ८०.६ होतात. म्हणजे ४५ आणि १००च्या मध्येच. अहवालातला परिमाणाचा रकाना नीट बघा, कुठंतरी बारीक अक्षरात 'एन म्हणून', म्हणजे नायट्रोजन म्हणून, असं लिहिलेलं असेल. नसलं तर लॅबला फोन करून विचारा आणि तसं लिहून नवा अहवाल मागून घ्या. मागायला संकोच करू नका, पैसे भरलेत तुम्ही.

हा घोळ किरकोळ नाही. आयएस १०५०० या २०१२च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती नायट्रेट म्हणून आहे. दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर काही घटकांना हे मानक सवलत देतं, नायट्रेटला देत नाही. अमेरिकेची मर्यादा १० आहे, पण ती नायट्रोजन म्हणून; गुणाकार केला की ४४च्या आसपास येते, म्हणजे आपल्याइतकीच. जागतिक आरोग्य संघटनेची ५०, पुन्हा नायट्रेट म्हणून. १८.२ हा आकडा ४५च्या शेजारी ठेवून 'पिण्यास योग्य' असा शिक्का मारलेले कागद माझ्या हातात आलेले आहेत. आपल्या भागात तर एकाच नदीचे अलीकडचे अहवाल कर्नाटकातल्या लॅबचे आणि पलीकडचे महाराष्ट्रातले. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करण्याआधी परिमाण एक आहे का एवढं पाहिलं तरी निम्मे वाद मिटतात.

तेव्हा तुमच्या बोअरमध्ये मर्यादेच्या जवळपास पावणेदोन पट नायट्रेट आहे असं धरून चाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध किंवा पावडरचं दूध या पाण्यात करून द्यायचं नाही, हे गावात आजच सांगा. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि बाळ निळं पडतं. विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध अमेरिकेत आयोवा राज्यातल्या कॉमली या डॉक्टरने १९४५ साली दाखवला. आणि उकळून घ्या असं चुकूनही सांगू नका. उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तिथंच राहतो, म्हणजे वाढतो. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यातल्या कशानेही तो जात नाही. आरओने कमी होतो.

आता तपासणीकडे. नायट्रोजन पाण्यात तीन रूपांत भेटतो: अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट. चौथं रूप सेंद्रिय नायट्रोजनाचं. मैलापाणी, शेण, मळी, कुजकी पानं यांतून तो आधी अमोनियाच्या रूपात सुटतो. हवा मिळाली की जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि लगेच पुढं नायट्रेट. म्हणून नुसता नायट्रेट मोजून पाण्याची गोष्ट कळत नाही. बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन वडगाव-शहापूरच्या शिवारातून जाणाऱ्या बळ्ळारी नाल्याचं उदाहरण घ्या. असल्या काळ्या, वास मारणाऱ्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ शून्य निघू शकतो, कारण प्राणवायूच शिल्लक नसतो. सगळा नायट्रोजन अमोनियात आणि सेंद्रिय रूपात अडकलेला. नायट्रेट नाही म्हणून पाणी चांगलं म्हणणारा माणूस इथं तोंडघशी पडतो. उलट तुमच्या बोअरचं पाणी काचेसारखं नितळ असेल, चवीलाही गोड असेल, आणि त्यात ८० मिलिग्रॅम नायट्रेट आरामात बसलेला असेल.

नायट्राइटपासून सुरुवात करा. नायट्रोजनाच्या सगळ्या चाचण्यांत ही मला सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि मुलांना रंग बघायला मजा येते. पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली डायझो संयुगं शोधली; पुढं १८७९ साली त्याने त्यावरच नायट्राइटची चाचणी बसवली. आज आपण वापरतो ती तिचीच सुधारलेली आवृत्ती. ५० मिलिलिटर गाळलेलं पाणी घ्या. त्यात आम्लातलं सल्फॅनिलअमाइड १ मिलिलिटर घाला आणि हलवा. रंग काही येत नाही, पण आत नायट्राइट सल्फॅनिलअमाइडशी जुळून डायझोनियम तयार होत असतं. दोन मिनिटं थांबा. आठच्या पुढं जाऊ नका, कारण हे डायझोनियम टिकाऊ नसतं. मग दुसरं द्रावण, नॅफ्थिल इथिलिन डायअमाइन, लॅबमध्ये सगळे त्याला एनईडी म्हणतात, तेही १ मिलिलिटर. पाण्यात गुलाबी छटा उमटते आणि दहा मिनिटांत जांभळट गुलाबी रंग भरतो. दोन तासांच्या आत रंग मोजणाऱ्या यंत्रात ५४० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशात, वाचन घ्यायचं. लिटरला ०.१ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन असलं तरी गुलाबी रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो, इतकी ही चाचणी तिखट आहे.

तिला बिघडवणाऱ्या गोष्टी मोजक्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नायट्राइटला शिल्लकच ठेवत नाही. तांबं असलं तर ते डायझोनियम मोडतं, आकडा कमी येतो. लोह जास्त असलं की साका धरतो. पाणी मुळातच रंगीत असेल, जसं पावसाळ्यात वेदगंगेचं गढूळ तांबूस पाणी, तर गाळूनही थोडी छटा राहते. त्यासाठी त्याच पाण्याचा एक भाग एनईडी न घालता वाचायचा आणि ते शोषण, म्हणजे पाण्याने किती प्रकाश अडवला त्याचं माप, वजा करायचं. एवढी एक पायरी बहुतेक प्रकल्पवहींत गायब असते.

नायट्रेटची खरी अडचण ही की तो स्वतः रंग देत नाही आणि कुणाशी सहज जुळतही नाही. त्यामुळे आधी त्याचं नायट्राइट करायचं आणि मग वरचीच गुलाबी चाचणी लावायची, हा राजमार्ग. किटमधल्या पावडरीत हे काम सहसा जस्ताची भुकटी करते. इथंच किटचा कच्चेपणा येतो. नळी नीट हलवली नाही तर रूपांतर अर्धवट होतं, फार वेळ ठेवली तर जस्त नायट्राइटलाही पुढं ढकलतं आणि रंग पुन्हा उतरतो. डिसेंबरातली थंड सकाळ आणि एप्रिलमधली दुपार, एकाच पाण्याला वेगवेगळा रंग येऊ शकतो. म्हणून किटच्या पत्रकात लिहिलेले सेकंद घड्याळ लावून पाळायचे. किटला नावं ठेवायची गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या बायकांना ती वापरायला शिकवली, हे चांगलंच झालं. पण किटचं काम संशय दाखवणं आहे. ६० की ८० हे तिच्याकडून काढून घ्यायला जाऊ नका.

लॅबमध्ये जस्ताऐवजी कॅडमियम असतं. कॅडमियमचे दाणे तांब्याच्या सल्फेटच्या द्रावणात धुवून त्यांच्यावर तांब्याचा थर चढवतात आणि काचेच्या नळीत भरतात. २५ मिलिलिटर नमुना आणि ७५ मिलिलिटर अमोनियम क्लोराइड-ईडीटीए द्रावण एकत्र करून पीएच ८.५च्या आसपास ठेवायचं आणि नळीतून मिनिटाला ७ ते १० मिलिलिटर या वेगाने सोडायचं. पहिले २५ मिलिलिटर टाकून द्यायचे, नंतरचं घ्यायचं. नळी कोरडी पडू द्यायची नाही, नाही तर दाण्यांच्या मध्ये हवा शिरते आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. बाहेर येतं ते नायट्रेट आणि मूळचं नायट्राइट दोन्ही मिळून. नायट्राइट वेगळं मोजून वजा करायचं.

हे दाणे हळूहळू थकतात. तेल, सल्फाइड, क्लोरीन यांनी लवकर थकतात. म्हणून एकाच तीव्रतेची दोन द्रावणं ठेवायची, एक नायट्रेटचं आणि एक नायट्राइटचं. दोन्ही नळीतून सोडून दोघांचा रंग सारखा येतो का बघायचं. नायट्रेटचा रंग नायट्राइटच्या तीनचतुर्थांशाखाली गेला तर दाणे पुन्हा तांबं लावून ताजे करायचे. लॅब निवडताना हाच प्रश्न विचारा: 'तुमच्या नळीची कार्यक्षमता शेवटची कधी पाहिली?' उत्तर चटकन आलं तर लॅब बरी. 'कसली कार्यक्षमता?' असं आलं तर दुसरी हुडका.

ही पद्धत लिटरला १ मिलिग्रॅम नायट्रोजनापर्यंतच सरळ चालते. तुमचं पाणी १८चं आहे, म्हणजे विरळ केल्याशिवाय गत्यंतर नाही. २ मिलिलिटर पाणी पिपेटने घेऊन १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये भरलं की ५० पट विरळ होऊन ०.३६ येतं. आता पिपेटमध्ये अर्ध्या दशांशाची, म्हणजे ०.०५ मिलिलिटरची चूक झाली तर शेवटच्या आकड्यात ती अडीच टक्के दिसते. त्यामुळे विरळ करताना मोजपात्र चालत नाही, पिपेट आणि प्रमाणित फ्लास्कच लागतो.

तरी शाळेत कॅडमियम नको. ते विषारी आहे, मूत्रपिंडात साठतं, आणि नळी धुतलेलं पाणी मोरीत ओतलं की तुम्ही नायट्रेट मोजण्याच्या नादात कॅडमियमचं प्रदूषण केलं. अलीकडे बऱ्याच लॅब त्याऐवजी व्हॅनेडियम क्लोराइड वापरतात. त्यात नमुना कोमट तापमानाला बराच वेळ ठेवावा लागतो, पण एकाच वेळी कितीतरी नळ्या लावता येतात. एंझाइमने नायट्राइट करण्याचीही पद्धत आहे, उत्तम आहे, पण महाग आणि फ्रिजावर अवलंबून.

जवळच्या एखाद्या कॉलेजात अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर बोअरच्या नितळ पाण्यासाठी सगळ्यांत सोपा रस्ता तोच. नायट्रेट २२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि २७५ला शोषत नाही; सेंद्रिय पदार्थ दोन्हीकडे शोषतात. म्हणून ५० मिलिलिटर पाण्यात १ मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दोन्ही वाचनं घ्यायची आणि २७५च्या दुप्पट २२०मधून वजा करायचं. ही वजाबाकी मूळ वाचनाच्या १० टक्क्यांवर गेली तर पाणी या पद्धतीला लायक नाही असं समजायचं. यात एक खोच आहे: क्युव्हेट, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायची छोटी नळी, क्वार्ट्झचीच हवी. साधी काच किंवा प्लास्टिक २२०चा प्रकाश आरपार जाऊच देत नाही, आणि मग आलेला आकडा पाण्याचा नसतो, काचेचा असतो. तुमचं पाणी यातही चारेक पट विरळ करावं लागेल, कारण लिटरला ७ मिलिग्रॅम नायट्रोजनाच्या पुढं आलेख वाकायला लागतो. आणि हे नाल्याच्या पाण्याला लावू नका.

जुन्या पुस्तकांत, आणि आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत अजूनही, फिनॉल डायसल्फॉनिक आम्लाची पद्धत चालते, पीडीए म्हणतात ती. पाणी आटवून कोरडं करायचं, आम्ल घालायचं, मग अमोनियाने अल्कधर्मी केलं की पिवळा रंग येतो, तो ४१०ला वाचायचा. माझा तिच्यावर फारसा जीव नाही. क्लोराइड असलं की नायट्रेटचा काही भाग उडून जातो आणि आकडा कमी येतो, म्हणून आधी सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइड काढावं लागतं. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातल्या खारट बोअरना हे केल्याशिवाय पीडीए लावली तर जिथं नायट्रेट सर्वांत जास्त असण्याचा संभव, तिथंच तो कमी दिसणार. चांदीचा खर्च वाचवायला ही पायरी गाळली जाते, आणि अहवालात तसं लिहिलेलं नसतं.

अमोनियाबद्दल थोडक्यात. नेस्लरचं अभिकारक १८५६ पासून चालत आलंय. पाण्यात दोनेक थेंब टाकले की पिवळा ते विटकरी रंग, त्यामुळे सगळ्यांना आवडतं. पण त्यात पारा आहे, आणि याच कारणाने पाणी तपासणीच्या अमेरिकन प्रमाण पद्धतींच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांतून ते वगळलंय. शिवाय आपलं बोअरचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे नेस्लर टाकताच पाणी पांढुरकं गढूळ होतं आणि तो गढूळपणा यंत्र रंग म्हणून मोजतं. रोशेल मीठ किंवा ईडीटीए आधी घातलं तर थोडं सावरतं. शाळेसाठी मी सॅलिसिलेटची पद्धत सुचवेन. सॅलिसिलेट, हायपोक्लोराइट आणि किंचित नायट्रोप्रुसाइड, यांच्यात अमोनिया मिसळला की हिरवट निळा रंग येतो. फिनॉलवाल्या इंडोफिनॉल पद्धतीची ही सौम्य बहीण. बर्थेलोने १८५९ साली मूळ रंग पाहिला होता. यात दगा देतं ते हायपोक्लोराइट. उन्हाळ्यात बाटली कपाटात दोन महिने राहिली की ते मरतं आणि रंग येत नाही. मुलं लिहून मोकळी होतात, 'अमोनिया आढळला नाही.' नाल्याच्या पाण्यावर मात्र थेट रंग काढू नका. आधी झिंक सल्फेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून साका खाली बसवा, वरचं नितळ घ्या. फार घाण पाणी असेल तर ऊर्ध्वपातन करूनच अमोनिया काढायचा. पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि ती मात्र नायट्रोजन म्हणून आहे. बघा, एकाच मानकात दोन हिशेब!

नमुना आणण्यात सर्वांत जास्त वाया जातं, आणि त्यात रसायनशास्त्र कमी, शिस्त जास्त आहे. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या. बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या, पाइपात रात्रभर साचलेलं पाणी निघून जाऊ दे. बाटली थर्माकोलच्या खोक्यात बर्फात ठेवा. मोटरसायकलच्या डिकीत घालून निपाणीहून बेळगावला उन्हातून आणली तर वाटेतच जिवाणू आपलं काम करतात. नदीच्या पाण्यातला अमोनिया नायट्राइट होतो, नायट्राइट नायट्रेट. थंड ठेवलं तर नायट्रेट ४८ तासांत मोजायचा. त्याहून उशीर होणार असेल तर सल्फ्युरिक आम्लाने पीएच २च्या खाली आणायचा, मग नायट्रेट-नायट्राइट मिळून मोजायला आणि अमोनियाला महिनाभर अडचण नाही. पण नायट्राइट वेगळं हवं असेल तर आम्ल घालायचंच नाही, कारण आम्लात ते टिकत नाही. म्हणजे एकाच विहिरीच्या दोन बाटल्या, एक आम्लाची, एक बिनआम्लाची. आणि नायट्रिक आम्ल वापरू नका. हसू नका बाई, धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली बाटली नायट्रेटच्या तपासणीला येते ती काही एकदाच येत नाही.

ब्लँकला माणसं पाहुण्यासारखं वागवतात, आला तर ठीक. खरं तर सगळा भरवसा त्याच्यावर. ब्लँक म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच चाचणी. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर म्हणून गॅरेजात मिळतं ते घेतलं तर त्यात थोडा अमोनिया किंवा नायट्रेट निघू शकतो. फिल्टर पेपरही नायट्रेट-अमोनिया सोडतो, म्हणून पहिले थोडे मिलिलिटर गाळून फेकून द्यायचे आणि ब्लँकही त्याच कागदातून गाळायचा. अमोनिया करताना शेजारच्या टेबलावर कुणी लिकर अमोनियाची बाटली उघडली किंवा सकाळी फरशी कसल्या तरी उग्र द्रावणाने पुसलेली असली, तर दिवसभराचे आकडे चढतात.

स्टँडर्ड, म्हणजे नेमकी तीव्रता आधीच ठाऊक असलेलं द्रावण, स्वतः बनवा. पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशाला वाळवून ०.७२१८ ग्रॅम एका लिटरात विरघळवलं की लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रोजनाचं द्रावण होतं. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड ३.८१९ ग्रॅम एका लिटरात, ते १००० मिलिग्रॅम. सोडियम नायट्राइट हवेत हळूहळू नायट्रेट होत जातं, म्हणून ताज्या बाटलीतलंच घ्या. यातून पाच-सहा पायऱ्यांची द्रावणं करून आलेख काढायचा. नमुन्याचं वाचन आलेखाच्या शेवटच्या बिंदूच्या वर गेलं तर रेघ पुढं ओढून आकडा काढायचा नाही; पाणी विरळ करून पुन्हा.

आणि आता माझ्या आवडीची पायरी. तेच ५० पट विरळ केलेलं पाणी घ्या, पण फ्लास्क भरण्याआधी त्यात लिटरला १० मिलिग्रॅमचं स्टँडर्ड २ मिलिलिटर घाला. त्याने १०० मिलिलिटरात ०.२० वाढतात. विरळ पाणी ०.३६ दाखवत होतं तर हे ०.५६ दाखवायला हवं. ०.५४-०.५८ आलं तर छान. ०.४६ आलं तर घातलेल्यातला निम्मा नायट्रोजन चाचणीला दिसलाच नाही, म्हणजे पाण्यातलं काहीतरी रंगाच्या आड येतंय, आणि मूळ ०.३६वरही विश्वास ठेवायचा नाही. ब्लँक आणि स्टँडर्ड शुद्ध पाण्यात केलेले असतात, त्यांना हे आडवं येणारं काही दिसत नाही. तुमच्या विहिरीच्या पाण्याची ओळख या एका फ्लास्कनेच होते.

यंत्र नसेल तर मोबाइल चालेल. खरंच चालेल. परीक्षानळ्यांमागं पांढरा कागद, सावलीतला सारखा उजेड, आणि एकाच फोटोत ब्लँक, सगळी स्टँडर्ड आणि नमुना. फोटो वेगवेगळे काढले की कॅमेरा दर वेळी उजेड आपल्या मनाने बदलतो आणि तुलना संपते. गुलाबी रंग हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून रंगाचे लाल, हिरवा, निळा असे आकडे दाखवणाऱ्या ॲपमधून फोटोतला हिरव्या रंगाचा आकडा घ्यायचा. सॅलिसिलेटच्या निळसर रंगासाठी लाल. ब्लँकचा आकडा भागिले नमुन्याचा आकडा, त्याचा लॉगॅरिदम, तेच तुमचं शोषण. स्टँडर्डांची रेघ बऱ्यापैकी सरळ येते, गडद रंगांना थोडी वाकते. नववी-दहावीच्या मुलांना लॉगॅरिदम कशाला असतो हे पहिल्यांदा इथं कळतं. माझ्या मते शाळेने नायट्राइट ग्रीसने, नायट्रेट जस्ताच्या किटने पण स्वतःची स्टँडर्ड लावून, आणि अमोनिया सॅलिसिलेटने करावा. आणि दर मोसमात दोन-तीन नमुने चांगल्या लॅबला देऊन ताडून पाहावेत.

आकडे आल्यावर वर्गात एक हिशेब जरूर करा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २०.७ किलो. एका हेक्टरात पावसाचं १०० मिलिमीटर पाणी खाली मुरलं तर ते होतं १० लाख लिटर. एका पोत्याइतका नायट्रोजन त्याच्याबरोबर मुळांच्या खाली निसटला तर मुरलेल्या पाण्यात लिटरला २०.७ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे जवळपास ९२ मिलिग्रॅम नायट्रेट. पोतं एकच! उसाला एका हेक्टरात किती पोती पडतात हे तुमच्या वर्गातल्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. सगळं निसटत नाही, पीक घेतं, काही हवेत जातं. पण तुमच्या बोअरचे ८० कुठून आले असतील याचा अंदाज या हिशेबाने येतो. अर्थात बोअरच्या दहा-वीस फुटांवर गोठा, उकिरडा किंवा शोषखड्डा असला तर आधी संशय त्याच्यावर. अशा वेळी नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढलेलं दिसतं आणि पाण्यात जंतूही सापडतात. नुसत्या खताच्या नायट्रेटबरोबर जंतू येत नाहीत.

नमुने वर्षातून तीनदा तरी घ्या: मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी मुरल्यावर, आणि मार्च-एप्रिलात. खानापूरकडच्या धो-धो पावसाच्या तांबड्या रानात आणि अथणीच्या काळ्या रानात आकडे सारखे चालत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या तालुक्याच्या निष्कर्षावरून आपल्या विहिरीबद्दल बोलू नका. नायट्राइट आणि नायट्रेट दोन्ही सापडले तर जागतिक आरोग्य संघटनेचा नियम लावा: नायट्रेट भागिले ५०, अधिक नायट्राइट भागिले ३, दोन्ही आयन म्हणून, आणि बेरीज १च्या वर जाता कामा नये. नायट्राइटचा नायट्रोजन ३.२८ने गुणला की आयन मिळतो.

लॅबला पुढचा नमुना देताना चिठ्ठीवर इतकं लिहून द्या: बोअरची खोली, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, बर्फात होता की नाही, आम्ल घातलं का आणि कुठलं, आणि खाली ठळक अक्षरात 'निकाल नायट्रेट म्हणून आणि नायट्रोजन म्हणून, दोन्ही द्यावेत, वापरलेली पद्धत लिहावी.' चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवा.